गोलकिपरच्या रक्तातलं शिसं

शिवाजी पेठेत अझहरला सगळे 'डिंक' म्हणत. चेंडू एकदा त्याच्या पंजात आला की सुटत नसे, म्हणून. पण पेठेच्या फुटबॉल संघाच्या उपांत्य सामन्यात एक अगदी मऊ फटका आला. अझहर बरोबर चेंडूच्या समोर होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला. चेंडू बोटांना घासून जाळ्यात गेला. गॅलरीतून शिव्या सुरू झाल्या. "विकला गेलास व्हय रं?" असं कुणीतरी ओरडलं, ते त्याच्या काळजात घुसलं.

हात आधीपासूनच दगा देत होता. चहाचा कप उचलायचा म्हटलं की डाव्या हातानं मनगटाला टेकू द्यावा लागे. पोटात अधूनमधून अशी कळ यायची की तो उकिडवा बसून राहायचा. मालक हंबीरराव म्हणायचे, "नस दबली आसंल. मालिश करून घे."

हंबीररावांची भट्टी हातकणंगल्याच्या बाजूला, रानात, पत्र्याच्या शेडमध्ये होती. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या प्लेटा काढायच्या, वितळवायच्या आणि शिशाच्या विटा पाडायच्या. अझहर आणि त्याच्यापेक्षा वयानं बराच मोठा केरबा तोंडाला रुमाल बांधून हे काम करत. संध्याकाळी अंगावर राखाडी पूड बसलेली असायची. घरी जाताना मालक प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. गूळ खाल्ला की शिसं धुऊन जातं, असं ते सांगत आणि माणसं विश्वासानं खात. हेच हंबीरराव पेठेच्या संघाचे आश्रयदाते. जर्सीवर त्यांच्या भट्टीचं नाव, बसभाडं त्यांचं, जिंकल्यावर मटणाचं जेवणही त्यांचंच.

सामना हरल्यावर अझहर घरात तोंड लपवून बसला. बायको नसीमनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी हात बघितला, मग त्याला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेला काळपट निळी रेघ होती.

"काम काय करता?"

त्यानं भट्टीचं सांगितलं, गुळाचंही सांगितलं. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"तुमच्या रक्तात शिसं आहे, आणि भरपूर आहे. हात उचलणाऱ्या नसा त्यानं दुखावल्यात. पोटदुखीही त्याचीच. भट्टीवर आता पाऊल टाकायचं नाही. गुळानं यातलं काही जात नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

अझहरच्या डोळ्यांपुढे तहरीम आली. चार वर्षांची. तो दारात आला की ती धावत येऊन मांडीला मिठी मारायची, आणि तो हात धुवायच्या आधी तिला उचलून घ्यायचा. त्याचे कामाचे कपडे तिच्या फ्रॉकांबरोबर एकाच बादलीत भिजायचे. गेले काही महिने पोर जेवत नव्हती. कशावरूनही किरकिरायची. आधी येत असलेले शब्दही कमी बोलायची. शेजारणी म्हणायच्या, नजर लागली.

तहरीमच्याही रक्तात शिसं निघालं.

नसीम दवाखान्याच्या बाकावर रडली. अझहर रडला नाही. आपल्या हाताचं त्याला जेवढं दुःख झालं होतं, ते सगळं त्या बाकावर बसल्या बसल्या रागात बदललं. आपण पोरीला रोज कडेवर घेत होतो, आणि रोज तिला विष देत होतो. पण ते विष आहे हे आपल्याला कुणी सांगितलं होतं?

तो तिथूनच थेट हंबीररावांकडे गेला. त्यांनी कागद बघितलेही नाहीत.

"बस, चहा घे. औषधपाण्याचं मी बघतो. पण लेका, हे बाहेर बोलू नगंस."

"मालक, केरबाचं पोट कितीक वर्सं दुखतंय. त्याचंबी रक्त तपासाय पायजे. सगळ्यांचंच."

"आणि भट्टी बंद पडली मग? माणसं काय खातील? संघ कुणाच्या जिवावर चाललाय?" हंबीररावांचा आवाज अजून मायाळूच होता. "रविवारी तालमीत तुझा सत्कार ठेवलाय. सरावात पडलास, मनगट दुखावलं, एवढंच सांगायचं. पेठ तुला डोक्यावर घेईल. त्यो विकला गेल्याचा डागबी पुसला जाईल."

डाग पुसला जाणार, हे ऐकून अझहर क्षणभर थांबला, हे खरं. त्या एका ओरडण्यानं त्याची झोप उडवली होती. मग तो बाहेर पडला.

रविवारी तालमीचं पटांगण भरलं. हंबीररावांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, फेटा बांधला, सरावातल्या अपघाताची गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. माईक अझहरच्या हातात आला. उजव्या हातात तो टिकेना, म्हणून त्यानं डाव्यात घेतला.

"मी कुठं पडलो न्हाय," तो म्हणाला. "माझ्या रक्तात शिसं हाय. भट्टीवरचं. त्यानं हात गेला. आणि माझ्या चार वर्सांच्या पोरीच्याबी रक्तात हाय. ती काय भट्टीवर गेल्ती व्हय? मी नेलं तिच्यापाशी, माझ्या कपड्यांवरनं."

हंबीरराव माईक घ्यायला पुढे सरकले. अझहर मागे झाला.

"थांबा मालक, झालंच. मी सामना विकला न्हाय. पण आज ही शाल घेऊन गप बसलो तर विकला म्हणा मला, खुशाल म्हणा." त्यानं शाल काढली, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. "भट्टीवरच्या गड्यांनो, रक्त तपासून घ्या. पोरांचंबी घ्या. गुळावर विसंबू नका."

टाळी एकही पडली नाही. माणसं खाली बघत पांगली. चहाच्या टपरीवरची कालपर्यंतची दोस्तमंडळी दुसऱ्या दिवशीपासून त्याला बघून पाठ फिरवू लागली. भट्टीवरचा एक गडी दारात येऊन बोलून गेला, "तुझा हात गेला म्हणून आमचं पोट मारतोस व्हय?" अझहर एवढंच म्हणाला, "आधी तपासून ये. मग कितीबी शिव्या दे."

त्याच आठवड्यात केरबा दवाखान्याच्या दारात उभा दिसला. पोट धरून, ओशाळल्यासारखा हसत. "बघू तरी म्हटलं, माझ्यात किती भरलंय." त्याच्यामागून आणखी काही जण आले. सगळ्यांच्या रक्तात तेच निघालं, आणि मग अझहरनं भट्टीविरुद्ध केलेल्या तक्रारीवर त्याच्या सहीखाली सह्या पडत गेल्या. हंबीररावांनी वकील दिला, ओळखी वापरल्या, निरोप धाडले. अझहर प्रत्येक तारखेला हजर राहिला. शेवटी भट्टीला सील लागलं. जर्सीवरचं नाव गेलं, संघानं वर्गणी काढून साधे शर्ट शिवले.

अझहर आता मलकापूरच्या रस्त्यावर एका दूध संकलन केंद्रात काम करतो. औषधानं आणि व्यायामानं हात बराच वर येतो, पण गोलपोस्टमध्ये उभं राहण्याइतका नाही. तहरीम जेवू लागली आहे, बोलतेही. पुढं शाळेत काय होईल ते आताच सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात, म्हणून दर काही महिन्यांनी तिचं रक्त तपासावं लागतं. नसीम ती तारीख चुकवत नाही.

यंदाच्या हंगामात पहिल्याच सामन्याला अझहर गॅलरीत जाऊन बसला, अगदी मधोमध. मागून एका तरण्या पोरानं हाक घातली, "ए शिसं! संघाचा घात केलास की!"

आजूबाजूचे हसले. अझहर उठला, सावकाश वळला. तो भट्टीवरच्याच एका गड्याचा थोरला मुलगा होता.

"व्हय, शिसंच," अझहर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुझ्या बाचं रक्त तपासलंस काय रं?"

पोराचं हसू ओठावरच विरलं. त्यानं मान हलवली. न्हाय.

"मग उद्या सकाळी घेऊन ये त्याला. मी दवाखान्याच्या दारात उभा ऱ्हातो."

तेवढ्यात मैदानात शिट्टी वाजली. अझहर खाली बसला आणि आपल्या संघाच्या नावानं सगळ्यांत मोठ्यानं ओरडू लागला.