शाळेचं माळवद

"अवो, उतरा खाली! दोन वर्षांची माती एका दिवसात चढवत्यात का?" मी खालून ओरडले.

शाळेच्या माळवदावरून आमचे मालक वाकले. "तू पाटी दे की वर. तोंड मागनं चालीव."

ही शाळा त्यांनीच बांधलेली. ईरप्पा गवंड्याचं काम म्हणून होटगीपर्यंत नाव होतं. दगडमातीच्या रुंद भिंती, बाभळीच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचं माळवद. वैशाखात कुत्री गटारात लोळायची, तेव्हा पोरं आत गार बसून पाढे म्हणायची. रीत अशी, की मृगाआधी दर घरानं शाळेवर पाटीभर पांढरी माती टाकायची. दोन वर्षांच्या दुष्काळात ती मोडली. ढगच नाही तर माती कशाला, म्हणून गाव खडी फोडायला गेलं. मालकही गेले. पोटापुढं माळवद कुणाला आठवतं? ते उन्हानं तडकलं, तुळयांना वाळवी लागली.

मग पाऊस आला आणि शाळा पोरांच्या डोक्यावर गळू लागली.

"ईरप्पा, पत्रा घालू," सरपंच बसलिंगप्पा म्हणाले. "सरकार देतंय. पक्कं काम."

"पत्र्याखाली पोरं भाजून निघतील, सरपंच. येवढी उघडीप द्या मला. पुन्ना गळलं तर खुशाल पाडा."

साऱ्या गावाच्या पाट्या आम्ही दोघांनीच चढवल्या. माती ओली, जड. तुळई आतून पोकळ. डोक्यावरची पाटी मी उतरवतेय तोच वर कडाडलं, आणि मालक मातीसकट खाली आले. रविवार होता म्हणून पोरं वाचली. मालकांची कंबर गेली ती गेलीच.

सरपंच भेटायला आले. "वैनी, म्हातारपणी हट्ट नडला बघा."

"हट्ट त्येंचा, आळस गावाचा. तुमच्या घरची पाटी कुटं हुती, सरपंच?"

चहा न घेताच उठले.

दिवाळीनंतर शेजारीच पत्र्याची खोली उभी राहिली. जुन्या शाळेची एक भिंत पाडायची राहून गेली.

चैत्र लागला. मालक बाजेवर पडून रोज नातीला विचारायचे, "दाक्षायणी, नव्या शाळंत गार लागतं का गं?"

"लई गार, आज्जा."

तिला तसं मीच शिकवलं होतं. पण ते तिच्या तापलेल्या डोक्यावर हात ठेवायचे आणि काढून घ्यायचे.

एकदा ती भाकरी विसरली, म्हणून मी शाळेत गेले. खोली रिकामी. दारातूनच तोंडावर झळ आली. सारा वर्ग, मास्तरांसकट, त्या उरलेल्या भिंतीच्या कडेला बसला होता. सावली आखडेल तशी पोरं मागं सरकत भिंतीला पाठ लावत होती.

घरी येऊन मी पदरानं तोंड पुसलं.

"पोरं कुटं बसल्याली?" मालकांनी विचारलं.

आता खोटं कशाला बोलायचं? "तुमच्या भिंतीला."



"दुपारी तितं सावली ऱ्हात न्हाय," ते म्हणाले, आणि कूस वळवता येत नव्हती म्हणून नुसती मान शाळेकडं केली.