निळ्या काठाचं भांडं

"मॉमॉ, कोण मेलंय?" टेबलावरची झाकलेली भांडी बघून सहा वर्षांच्या टेसानं विचारलं.

"कोणी नाही गं. हात धू आधी," तिची आजी लॉइस म्हणाली.

पोरीचं तरी काय चुकलं? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या शिलोह बेंड गावात मयत झालं की शेजारच्या बायका शिजवलेलं घेऊन येतात. भांड्याच्या बुडाला पांढऱ्या चिकटपट्टीवर जिचं तिचं नाव असतं, म्हणजे दुखवटा सरला की धुऊन परत देता येतं. शनिवार दुपारपासून लॉइसकडे भांड्यांची रीघ लागली होती. बिस्किटांचा चुरा पेरलेली कोंबडी, चीज घातलेले बटाटे, पीचचं गोड. घरात मात्र सगळे धडधाकट होते.

"आता तुला ताकद लागेल हं," हेडमास्तरांची बायको अर्लीन कोंबडी ठेवताना म्हणाली होती. तिचा आवाज जरा जास्तच गोड होता.

गावच्या ख्रिश्चन अकॅडमीत लॉइस टिडवेल स्वयंपाकीण होती, शाळा निघाली त्या दिवसापासून. तिची मुलगी रेनी शिकली तीही तिथंच. आता रेनी मेम्फिसच्या इस्पितळात पडून होती आणि तिची टेसा आजीकडे आली होती. टेसाचा बाप काळा होता आणि पोर बापाच्या वळणावर गेली होती. झालं, एवढंच सगळं प्रकरण.

गुरुवारी लॉइस एप्रन सोडून हेडमास्तरांच्या खोलीत गेली होती. "ब्रदर हॉलिस, नातीला पहिलीत घालीन म्हणते. माझ्या डोळ्यांसमोर राहील."

ब्रदर हॉलिसनी चष्मा काढून पुसला. "घाल की. आपल्याकडे तसा काही नियम नाही, लॉइस. कधीच नव्हता."

"मग सोमवारी आणते."

"आण. आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करू."

नियम नव्हता हे खरंच. लागलाच कुठं होता? अठरा वर्षांपूर्वी कोर्टानं काळी-गोरी मुलं एका शाळेत बसवायला सांगितली आणि नाताळच्या सुट्टीत गोऱ्या मंडळींनी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ही शाळा थाटली. सरकारी शाळेतले बाक, खेळांच्या ढाली, एवढंच काय, घंटासुद्धा पिकअपमध्ये घालून आणली. सुट्टीनंतरच्या सोमवारी तिकडे एकही गोरं मूल फिरकणार नव्हतं. फक्त पाद्री व्हिटफील्ड अडून बसले होते, आमची पोरं सरकारी शाळेतच जातील म्हणून. त्या शनिवारी त्यांच्या ओसरीवर अशीच दुखवट्याची भांडी जमली, गावानं दिलेला इशाराच तो. लॉइसनंही नेलं होतं, आईचं निळ्या काठाचं.

"ममा, कोण मेलंय?" बरोबर आलेल्या चिमुकल्या रेनीनं विचारलं होतं.

"अजून कोणी नाही," लॉइस म्हणाली होती, आणि हसली होती. पुढच्याच आठवड्यात पाद्रीबुवांनी बिऱ्हाड हलवलं. सगळी भांडी धुऊन पायऱ्यांवर पालथी घातलेली होती. आज ते हसणं आठवून लॉइसला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी धाकटी बहीण आली, नेडीन. हातात तेच निळ्या काठाचं भांडं. आई गेल्यावर ते तिच्याकडे गेलं होतं.

लॉइस दारातच उभी राहिली. "तूसुद्धा, नेडीन?"

"मी काय करू गं? आमचा कोडी त्याच वर्गात आहे. त्याचा बाप नुसता आग पाखडतोय." नेडीननं नजर चुकवली. "पोरीला सरकारी शाळेत घाल ना. तिथं तिच्यासारखी आहेत. तिलाच बरं वाटेल."

"तिच्यासारखी म्हणजे कशी? नाक बघ तिचं. आपल्या आईचं नाक आहे ते."

नेडीननं आत डोकावून पाहिलं. टेसा खिडकीशी बसून पीच खात होती. नेडीन भांडं बहिणीच्या हातात देऊन पायऱ्या उतरली.

सोमवारी लॉइसनं रेनीचा जुना चौकटीचा गणवेश टाचून टेसाला घातला. शाळेसमोर एरवी मोटारींची दाटी असायची. आज एकही नव्हती. वर्गाच्या दारात पहिलीच्या शिक्षिका पर्व्हिसबाई एकट्या उभ्या होत्या. आत बाक ओळीनं लावलेले. प्रत्येक बाकावर चिकटपट्टीवर नाव होतं, कोडीचंही. मूल एकही नव्हतं.

"मॉमॉ, सुट्टी आहे का आज?"

"नाही."

"मग मी कुठं बसू?"

"कुठंही बस, बाळा," पर्व्हिसबाई म्हणाल्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

लॉइसनं नातीला पहिल्या बाकावर बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एप्रन बांधला. रोजचं मोठं पातेलं तिनं उतरवलंच नाही. घरून आणलेल्या निळ्या काठाच्या भांड्यातलं अन्न गरम केलं. बुडाची नेडीनच्या नावाची चिकटपट्टी तिनं रात्रीच खरवडून काढली होती.

जेवणाची घंटा झाली, तीच ती पिकअपमधून आणलेली. लांबलचक रिकाम्या हॉलमधून टेसा ट्रे धरून एकटी चालत आली.

"उद्या येतील का सगळी?"

"जेव तू. गरम आहे, फुंकून खा."

स्वयंपाकिणींनी मुलांच्या टेबलावर बसायची पद्धत त्या शाळेत नव्हती. लॉइसनं खुर्ची ओढली, टेसाच्या समोर बसली आणि भांडं दोघींच्या मधे ठेवलं.