गळाच्या दोऱ्यात ओवलेली जाळी

मित्रांनो, लांब दांड्याची एक जुनी जाळी तुमच्याशी बोलते आहे. खरं तर स्वतःला जाळी म्हणवून घ्यायची आता मला लाजच वाटते. माझ्याकडे दांडा आहे, गोल कडं आहे आणि मधे नुसती हवा. तुम्ही म्हणाल, जाळीत नाहीतरी भोकांशिवाय असतं काय! पण भोकाभोकांत फरक असतो, हे माझी गोष्ट ऐकलीत की कळेल.

माझं कडं एका सायकल दुरुस्तीवाल्याने जाड सळई वाकवून करून दिलं. दांडा एका मोडक्या वल्ह्याचा. आणि माझी पिशवी मामींनी विणली, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून, एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून. शेवटची गाठ मारताना दूध उतू गेलंच. त्याचा दोष अर्थातच मामांना मिळाला, कारण जाळी त्यांच्यासाठी होती.

मामा म्हणजे एका छोट्या मोटरहोडीचे मालक. ते सगळ्यांचे मामा आणि त्यांची बायको सगळ्यांची मामी. हौशी माणसांना आणि मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांना होडीतून न्यायचं, किनारा नजरेआड होऊ द्यायचा नाही, खाडीच्या तोंडाशी खडकांजवळ नांगर टाकायचा आणि गळाने मासे कसे धरायचे ते शिकवायचं, हा मामांचा धंदा. मामी फोन घेत, लाइफ जॅकेट बांधून देत आणि निघताना सगळ्यांना सांगत, "मासा लागला नाही तर रडायचं नाही. लागला तर ओरडायचं नाही."

सगळे ओरडतच.

माझं काम सर्वांत शेवटचं. गळाला लागलेला मासा होडीजवळ आला की मी पाण्यात उतरायचं. नवख्या माणसाला वाटतं, जाळी माशाच्या मागे धावते. छे! शेपटीमागून जाळी आली की मासा उसळतो आणि गळ तोडून पसार होतो. मी पाण्यात अगदी गप्प पडून राहायचं असतं आणि रॉड धरणाऱ्याने मासा डोक्याकडून माझ्यात आणायचा असतो. मामा प्रत्येक सहलीत तेच सांगत, "घाई करू नका. मासा जाळीकडे आणा, जाळी कुठे पळून जात नाही."

काय दिवस होते ते! लोकांच्या फोटोंमध्ये हसणारी माणसं असत, मधे मासा असे आणि कोपऱ्यात मी ठिबकत असे. फोटो काढून झाला की बहुतेक मासे परत सोडले जात. धक्क्यावर परतल्यावर मामा नळाच्या गोड्या पाण्याने आधी मला धूत, मग रॉड आणि रिळं, आणि शेवटी स्वतःचे पाय. मग मी सावलीत वाळत पडे. कौतुकाने माझा ऊर भरून येई.

पुढे धंद्याला बरकत आली. सकाळी एक सहल, दुपारी दुसरी. मामांनी नवी जाळी आणली. तिला रबराचं मऊ विणकाम, घडीचा दांडा आणि बटण. मला होडीच्या पुढच्या खणात दोरखंडांखाली कोंबलं. तेही मी गोड मानून घेतलं असतं. पण धुण्याची सवयच सुटली. "उद्या धुतो," मामा म्हणत, आणि तो उद्या काही उगवत नसे. माझ्या गाठींमध्ये मीठ बसलं, दोरा ताठ झाला आणि आतून कुजू लागला. मी कुणाला सांगणार? आम्हा वस्तूंना बोलता येतं ते फक्त अशा गोष्टींत.

अशात एका सकाळी घड्याळजी आजोबा होडीत आले. त्यांचा मुलगा आणि नात बरोबर होती. आजोबांनी सगळा जन्म घड्याळं दुरुस्त केली होती आणि सुटीच्या दिवशी समुद्र गाठून गळ टाकला होता. मग त्यांना झटका आला आणि डावा हात लुळा पडला. आजारातून उठल्यावर ते एकदा मामांच्या होडीत येऊन गेले होते. तेव्हा मासा लागताच मुलाने "बाबा, सोडा, मी ओढतो" म्हणत त्यांच्या हातातला रॉड काढून घेतला होता. मासा आला, फोटोही निघाला, पण आजोबांनी त्या दिवशी पुन्हा गळ टाकला नाही. मुलाने ते प्रेमानेच केलं होतं. तरी आजोबांना ते फार लागलं होतं.

या खेपेला त्यांनी होडीत पाय टाकताच बजावलं, "एकच अट आहे. माझ्या रॉडला कुणीही हात लावायचा नाही. मासा गेला तर जाऊ दे."

"कबूल," मामा म्हणाले.

"तू?" आजोबांनी मुलाकडे पाहिलं.

"नाही लावत, बाबा."

"मी लक्ष ठेवते," नात म्हणाली. ती शब्दाची पक्की होती. बापाशेजारी बसून तिने त्याचं मनगटच धरून ठेवलं.

आजोबांनी रॉडची मूठ लुळ्या हाताच्या काखेत दाबली, रॉड होडीच्या काठावर टेकवला आणि चांगला हात रिळावर ठेवला. गळाला जिवंत कोळंबी होती. समुद्र शांत होता. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि त्या काहीच न होण्यात आजोबा फार खूश दिसत होते.

मग रॉड वाकला. रीळ किरकिरलं. मासा चांगलाच मोठा होता. तो खडकाकडे धावला की आजोबा त्याला दोरा देत, थांबला की थोडा गुंडाळत. त्यांच्या कपाळावर घाम आला, काखेतली मूठ दोनदा निसटता निसटता राहिली. मुलाचा हात आपोआप उठला.

"बाबा, हात!" नातीने दटावलं.

मासा होडीजवळ आला तसा मामांनी नव्या जाळीचा दांडा उघडायला बटण दाबलं. बटण हलेना. मीठ चढून घडी घट्ट अडकली होती. मामांनी ती ठोकली, आपटली, तिच्या कारखान्याचा उद्धार केला आणि शेवटी पुढच्या खणातून मला ओढून काढलं. इतक्या काळानंतर! मी पाण्यात उतरले, गप्प पडून राहिले. आजोबांनी चंदेरी मासा सावकाश वळवला आणि डोक्याकडून नीट माझ्यात आणला. त्यांनी काहीही चुकवलं नाही.

मामांनी मला उचललं आणि माझा तळ फाटला.

मासा त्या भोकातून खाली गेला. गळ अजून त्याच्या तोंडात होता, आणि गळाचा दोरा आता माझ्या कड्यातून आत शिरून फाटक्या तळातून बाहेर गेला होता. सुईत दोरा ओवावा तशी मी ओवली गेले. मासा खाली ओढत होता आणि दोरा माझ्या मिठाने ताठ झालेल्या गाठींवर घासत होता. आणखी थोडा घासला असता तर तुटलाच असता.

"अरे देवा!" मामा म्हणाले. "आजोबा, रॉड क्षणभर माझ्याकडे द्या. रॉड कड्यातून ओढून घेतला की जाळी मोकळी होईल."

"नाही."

"दोरा तुटेल हो!"

"तुटू दे. तुम्ही कबूल केलंय."

मुलगा उठून उभा राहिला होता. रॉड त्याच्या हाताच्या अंतरावर होता. हा मासा गेला तर बाबा पुन्हा कधी होडीत पाय ठेवणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. आणि रॉड घेतला तरी ठेवणार नाहीत, हेही. त्याने दोन्ही हात खिशात कोंबले.

मामांनी एकदा रॉडकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कमरेचा चाकू काढला आणि कड्यालगत सर्रकन फिरवत माझी सगळी पिशवी कापून काढली. मामींच्या हातच्या गाठी पटापट सुटल्या. मामांनी पिशवी उभी चिरली आणि तिचा चिंधोटा दोऱ्यावरून काढून होडीत ओढून घेतला. मला दुखलं का? दुखलं. पण दोरा मोकळा झाला. माझ्या रिकाम्या कड्याच्या मधोमध तो सरळ उभा राहिला आणि मामांनी मला जागच्या जागी स्थिर धरून ठेवलं.

आजोबांनी पुन्हा गुंडाळायला सुरुवात केली. मासा दमला होता, तेही दमले होते. अखेर तो पाण्यावर आडवा झाला. आता त्याला आत घेणार कसा?

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "मी मासा धरू का?"

आजोबांनी वर पाहिलं. "मासा धर. आधी हात ओले कर, नाहीतर खवलं जातील त्याची. रॉडकडे बघायचं पण नाही."

मुलगा होडीच्या काठावर पालथा पडला, हात भिजवले आणि मासा पोटाखालून उचलून घेतला. नात ओरडली. मामा ओरडले. आजोबांनी रॉड खाली ठेवला, चांगल्या हाताने गळ काढला, माशाला दम परत यावा म्हणून पाण्यात धरून थोडा वेळ पुढे-मागे केलं आणि सोडून दिलं. फोटो काढायचा राहूनच गेला. त्याबद्दल कुणी हळहळलं नाही.

धक्क्यावर मामी उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "जाळी घेऊन गेलात आणि नुसतं कडं घेऊन आलात? एक बादली पाणी घालायला काय होत होतं?" मामा खाली मान घालून मला नळाखाली धुऊ लागले. धुण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, तरी धूत राहिले. मला बरं वाटलं, हे का लपवू?

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूला काम संपल्यावर थोडं गोडं पाणी द्या. ती मागणार नाही, म्हणून तुम्हीच आठवण ठेवा. माणसांचं मात्र वेगळं असतं. त्यांच्याजवळ उभे राहा, पण त्यांच्या हातातलं काढून घेऊ नका. त्या दिवशी होडी धक्क्याला लागली तेव्हा मुलगा आधी वर चढला आणि नातीलाही त्याने वर घेतलं. मग तो होडीकडे तोंड करून, हात खिशात घालून तसाच उभा राहिला. हात पुढे करावा की करू नये, त्याला कळेना. आजोबा होडीत उभे होते. लाटेने होडी हलत होती.

"बघत काय राहिलास?" ते म्हणाले. "हात दे की रे."

त्याने दोन्ही दिले.