चाळीस मायक्रॉन

माझी सून गाडी चालवते. ऑफिसला जाते-येते तशी नव्हे, डोंगररस्त्याच्या शर्यतीत, घड्याळ लावून. लग्न ठरलं तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आणखी घाई केली असती, कारण माझ्या मुलाला सायकलची उतरलेली चेनसुद्धा बसवता येत नाही. घरात एकाला तरी काहीतरी यायला नको का?

मी स्वतः एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर म्हणून लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काढली. गेज बनवायची मी. गेज म्हणजे दुसऱ्यांचं काम बरोबर आहे की नाही हे तपासायचं माप. माप चुकलं की अख्ख्या कारखान्याचं काम चुकलं, म्हणून आमच्या खोलीला ना उन्हाळा ना हिवाळा, बाराही महिने वीस अंश. तिथे मी केलेला दट्ट्या मी केलेल्या नळीत वरून सोडला, की आतल्या हवेवर डुलत डुलत, राणीसाहेबांसारखा खाली उतरायचा. ‘सैल काम म्हणजे वाया काम’ हे वाक्य ऐकवून किती पोरं रडवली असतील याचा हिशेब नाही. निवृत्त झाल्यावर तोच जुना छोटा लेथ मी घरी आणला आणि मागच्या शेडमध्ये बसवला. त्यावर चार वर्षं दारांच्या मुठी आणि शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करत होते. आता हसा.

तर त्या बुधवारी सून घरी आली, गाडीचं बॉनेट आपटलं आणि शेडच्या दारात येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची एक डबी, आत फाटलेलं रबर.

“आई, संपलं,” ती म्हणाली.

“काय संपलं? नीट सांग. रडायचं असेल तर आधी रड, मग सांग.”

“रडत नाहीये मी!” असं म्हणून ती रडली, आणि मग तिने सांगितलं.

तिच्या गाडीत टर्बो आहे. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. गिअर बदलताना पाय पेडलवरून उचलला की इंजिनाचं तोंड मिटतं. मग कोंबलेली हवा जाणार कुठे? उलटी फिरते आणि पंख्याच्याच थोबाडीत मारते. तसं होऊ नये म्हणून मध्ये एक झडप असते, डायव्हर्टर व्हॉल्व्ह. तोंड मिटलं की ती उघडते, हवेला वळसा घालून परत पंख्याच्या मागे सोडते आणि लगेच बंद होते. आता आमच्या बाईसाहेबांनी लॅपटॉप लावून गाडीचं ट्यूनिंग केलेलं, हवेचा दाब दीडपट वाढवलेला. कंपनीची प्लास्टिकची झडप बिचारी तेवढ्या दाबासाठी जन्मलीच नव्हती. रबर फाटलं, दाब गळायला लागला, आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडीला धाप लागायला लागली.

“मग धातूची बसव,” मी म्हणाले.

“तीच मागवली होती. दुकानदार म्हणतो, तीन आठवडे.”

आणि निवड होती रविवारी. मोठ्या संघात एकच जागा. नव्या चालकाला वयाची अट पस्तीस, आणि हिला पुढच्या महिन्यात पस्तीस पूर्ण होणार. आधी दोनदा थोडक्यात हुकलेली. दोन्ही वेळा घरी येऊन “ठीक आहे हो, पुढच्या वर्षी” म्हणाली होती. आता पुढचं वर्ष नव्हतं.

मी ती डबी हातात घेतली, उलटीपालटी केली. एक नळी, एक दट्ट्या, एक स्प्रिंग, खाली बसायला एक रबरी कडी. मला हसूच आलं.

“एवढंच? शुक्रवारपर्यंत देते.”

“आई, ते हाय परफॉर्मन्स...”

“अगं, तुझा परफॉर्मन्स गेला खड्ड्यात. माप घे आणि बस इथे.”

माझा मुलगा दारातून म्हणाला, “आई, तू कशाला मध्ये पडतेस? उगाच हात दाखवून अवलक्षण.” मी त्याला चहा करायला पाठवला. जो ज्या कामाचा.

दोन दिवस शेडमध्ये आम्ही दोघीच. नळी पोलादाची केली, कारण पोलादाचा गज माझ्याकडे होता. दट्ट्या ॲल्युमिनिअमचा, कारण सून म्हणाली की हलका हवा, पापणी लवते न लवते तोच उघडायला हवा. ती मोजायची, मी कापायची. खरं सांगते, चार वर्षांत मला इतकी भूक लागली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी दट्ट्या नळीत सोडला, आणि काय सांगू! आला की नाही डुलत डुलत खाली! फट फक्त आठ मायक्रॉन. डोक्याचा केस सत्तरचा असतो, म्हणजे बघा.

“हवेच्या बापाची टाप नाही इथून जायची,” मी म्हणाले.

शनिवारी सकाळी सिमेंट कारखान्याच्या मागच्या चढावर चाचणी. मी शेजारच्या सीटवर, डोक्यावर मोठं हेल्मेट. पहिली फेरी झकास. दुसरी त्याहून झकास. गिअर बदलला की ‘फुस्स’, आणि लगेच पाठीत धक्का. मी तिथूनच मुलाला फोन लावला आणि अवलक्षण कसं दिसतं ते सविस्तर ऐकवलं. पाचव्या फेरीला मध्यावर आलो, तिने गिअर टाकला आणि गाडी मेली. इंजिन बोंबलतंय, गाडी पुढे सरकत नाही. मागून एक दूधवाला स्कूटरवरून आम्हाला मागे टाकून गेला. वर मान वळवून बघून गेला मेला.

तिने बॉनेट उघडलं, हातमोजे घालून व्हॉल्व्ह सोडवला. दट्ट्या अर्ध्यात अडकलेला. ना वर, ना खाली. झडप उघडीच राहिलेली, दाबाची सगळी हवा मागच्या दाराने पसार.

“तुझं ट्यूनिंगच चुकलंय,” मी म्हणाले. “इतका दाब कुणी ठेवतं का? दोन बटणं दाबली की झालं तुमचं. आम्ही हाताने...”

बोलले, बरंच बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. व्हॉल्व्ह कठड्यावर ठेवून ती शेजारी बसून राहिली. तिचं तोंड जितकं उतरत होतं तितका माझा आवाज चढत होता. माझं असंच आहे.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. कठड्यावरून आवाज आला, ‘टक’. स्प्रिंगने दट्ट्या आपोआप ढकलला होता. आता बघावं तर लोण्यासारखा सरकतोय.

आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं. मग तिने माझ्याकडे.

“बोलू नकोस,” मी म्हणाले.

“मी कुठे बोलले?”

गार झाल्यावर सुटला, म्हणजे तापून अडकला होता. तापलं की ॲल्युमिनिअम पोलादापेक्षा दुपटीने फुगतं, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायची. पण माझ्या खोलीत कधी काही तापलंच नाही! एकतीस वर्षं वीस अंशांत राहिलेली बाई मी, आणि इंजिनाच्या कुशीत बसणारी वस्तू वीस अंशांच्या मापाने करून मोकळी झाले. चूक तिच्या लॅपटॉपात नव्हती, माझ्या तोऱ्यात होती. आणि वर बोंबाही मीच मारल्या.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. हे वाक्य माझ्या मुलाने अजून माझ्या तोंडून ऐकलेलं नाही.

“किती फट ठेवायची?” तिने एवढंच विचारलं.

मी मनात आकडा काढला आणि तो जिभेवर येईना. “चाळीस.”

“ठेवा मग चाळीस.”

“अगं, चाळिसातून हत्ती जाईल! हे असलं सैल काम माझ्या हातून...”

“आई,” ती म्हणाली, “हवा अडवायला खाली कडी आहे ना? तीच अडवते. दट्ट्याने कशाला अडवायची? त्याने नुसतं पळायचं.”

दुपारी लेथ लावला. बत्तीस मायक्रॉन काढायचे होते. चांगलं झालेलं काम आपल्याच हाताने बिघडवायचं, असं वाटून पहिल्या कटाआधी लेथ दोनदा बंद केला. दुसऱ्याआधी नाही केला. मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो आणि चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात व्हॉल्व्ह सोडला. मुलगा आत डोकावला.

“काय शिजतंय?”

“तुझ्या बायकोचं नशीब. लांब उभा राहा.”

सांडशीने बाहेर काढला, वाफाळताच दाबला. सरकला. पुन्हा उकळला, पुन्हा दाबला. सरकला. अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी सून म्हणाली, “आई, पुरे, शिजला आता,” आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून इतक्या हसलो की मुलगा खरंच लांब उभा राहिला.

रविवारी, त्याच चढावर, आठ चालक होते. नियम असा, की दोन फेऱ्या लागोपाठ, मध्ये गाडी थंड करायची नाही, दोन्हींची वेळ मिळून निकाल. सून शेवटची. तिच्या आधी एका काळ्या चष्म्यावाल्या पोराने अशी काही वेळ लावली की लोक त्याचं आत्ताच अभिनंदन करत होते. मी तिसऱ्या वळणाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. तिथून गाडी नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

पहिली फेरी ऐकली. फुस्स, ओढ. फुस्स, ओढ. एकदाही अडखळली नाही. पण पहिली फेरी थंड गाडीची. ती तर शनिवारीही झकासच गेली होती.

दुसऱ्या फेरीला ती खालून निघाली. शेजारी झेंडा घेतलेला एक धिप्पाड गृहस्थ होता. त्याचा दंड मी कधी धरला मला माहीत नाही. दुसरा गिअर. फुस्स, ओढ. तिसरा गिअर, तोच चढ, तोच ताप. पाय उचलला, मला ऐकू आलं. फुस्स. आणि मग गाडी अशी सुटली, अशी सुटली की माझ्या समोरून नुसता लाल रंग गेला! वरच्या दोन्ही वळणांवर तोच आवाज, स्वच्छ, जणू चढ नाहीच.

“पळ गं माझे बाई, पळ!” मी ओरडले. पूर्ण डोंगराने ऐकलं असणार. धिप्पाड गृहस्थ म्हणाला, “बाई, माझा हात.” मी सोडला.

फलकावर आकडे आले. चष्मेवाल्यापेक्षा सव्वा सेकंद कमी. पहिली! मी चढ धावत गेले, या गुडघ्यांनिशी. वर ती गाडीला टेकून उभी होती, केस घामाने चिकटलेले, आणि मला बघून लहान मुलीसारखी दोन्ही हात वर करून नाचली. मी तिला घट्ट मिठीत घेतलं आणि दोघी भोकाड पसरून रडलो. लाज कसली? जिंकलो होतो.

संघाचा मॅनेजर कागद घेऊन आला. कमी बोलणारा, गळ्यात शिटी. “जागा तुमची,” तो सुनेला म्हणाला. “चालकासोबत एक तंत्रज्ञ घेतो आम्ही. तुमचा कोण?”

“या,” सून म्हणाली.

त्याने माझ्या पांढऱ्या केसांपासून चपलांपर्यंत नजर फिरवली. “या कोण?”

मी ‘सासू’ म्हणायला तोंड उघडलंच होतं.

“आमच्या टर्नर,” ती म्हणाली. “गाडीतला व्हॉल्व्ह यांनी केलाय. तुमच्या गाड्यांत असा नाही. उघडून बघा.”

त्याने खरंच बॉनेट उघडायला लावलं. वाकून बघितलं, बोटाने चाचपलं, बोट भाजून घेतलं. मग कागदावर तंत्रज्ञाच्या रकान्यात ‘टर्नर’ लिहिलं आणि माझ्याकडे वळला.

“मंगळवारी सकाळी सात वाजता वर्कशॉपला यायचं. जमेल?”

“सहाला येते,” मी म्हणाले.