जोडवी

गोदावरीबाईंनी काठी फरशीवर आपटली आणि ग्रामोफोनची सुई उचलली.

"पुन्हा टाच टेकलीस! किती वेळा सांगू, विजयमाला?"

"बोटाला लई रुततंय, बाई."

"रुतणारच! जोडवी घालून या जोड्यात कुणी पाय कोंबतं का? काढ म्हणते ना."

"सासूबाई जीव घेतील की!"

गोदावरीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना. चौदा वर्षं त्या तिथं बॅले, म्हणजे बोटांच्या टोकांवरचा नाच, नाचल्या होत्या. गुडघा गेला तेव्हा दुसऱ्यांचे नाच बसवले, गोऱ्या पोरी तयार केल्या. आणि सोलापुरात येऊन अडलं कुठं, तर चांदीच्या चार वेढ्यांपाशी!

नवी पेठेत कापडदुकानावरची ही खोली घेतली तेव्हा सात जणी शिकायला आल्या होत्या. नाच म्हटल्यावर घरोघरी कुजबुज झाली आणि सहा गळाल्या. उरली ही मैंदर्गीची पोर, मानसिंगराव वकिलांची बायको. नवरा हौशी म्हणून टिकली. रविवारी थिएटरात प्रयोग होता. शेवटी तिनं एकटीनं, हात उंचावून, बोटांवर उभं राहायचं होतं. ते साधलं तर आणखी पोरी येतील, नाहीतर खोलीला कुलूप.

"मेलं हे गाव!" बाई चिडून म्हणाल्या. "कशाला परत आले मी?"

विजयमाला खाली मान घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, कोपऱ्यात पाठ करून बसली, जोडे बांधले. तबकडी फिरू लागली. आणि शेवटाला पोर उभी राहिली की बोटांवर! हलली नाही, डुलली नाही.

"शाब्बास गं माझी बाय!" गोदावरीबाईंनी टाळी वाजवली. "आज कसं जमलं?"

विजयमालानं जोडे उतरवले, पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढं केला. "जिन्यात काढली. कुणाला सांगू नका, बाई."

बाईंनी तिच्या पायांकडं पाहिलं. अंगठ्याशेजारच्या बोटावर पांढरा वळ होता. असाच वळ त्यांच्याही बोटावर उमटला होता. चौदाव्या वर्षी, नवरा गेला त्या दिवशी, आत्याबाईंनी पाय मांडीवर ओढून जोडवी उपसली होती. तेच पाय घेऊन त्या एका मडमेची मुलं सांभाळायला विलायतेला गेल्या, आणि तिथं नाच शिकल्या.

"घाल ती."

"पण बाई, रविवारी..."

"आधी घाल! मानसिंगराव कुठं आहेत?"

"बार्शीला गेल्यात, कोर्टात. सांजच्याला येतील."

गोदावरीबाई दुखरा गुडघा मोडून खाली बसल्या. तिचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक जोडवं पुन्हा बोटात सरकवलं. तबकडी संपली होती, सुई नुसतीच खरखरत होती.

"मग शेवट कसा करायचा, बाई?"

"टाचा टेकून," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, मानसिंगराव सुखरूप घरी पोचले, की मला तेवढा निरोप धाड."