अर्थिंगवरची फरशी

मागचं दार काढलं तेव्हा मशीनच्या आत एवढं होतं: एक मॉनिटर, एक गेमबोर्ड, एक पॉवर सप्लाय, वरच्या पाटीमागे एक ट्यूबलाइट आणि तिचा चोक, दोन जॉयस्टिक, बारा बटणं, एकोणतीस वायरी. बारावं बटण खरं बटण नव्हतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण आईने तिथे बसवलं होतं. तळाशी चार मेलेली झुरळं आणि केसांचा एक चाप. चाप मी खिशात टाकला.

आईला जाऊन दोन महिने झाले होते. लातूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ही गेमची मशीन तिने अकरा वर्षं चालवली. मी नांदेडला एम.एस्सी. संपवून परतले, तोवर मशीन शॉक द्यायला लागली होती. शेजारची दीपमाला जॉयस्टिकजवळच्या पत्र्याला हात लागून मागे फेकली गेली. त्याच दिवशी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भंगारवाल्या मलप्पाला निरोप धाडला.

मलप्पा सकाळीच टेम्पो घेऊन हजर झाला आणि पायरीवर बसला.

"सिंधुताईचं ऐकायची ही," तो म्हणाला. "त्या गेल्या अन् चावाया लागली."

"तुझं तोंड बी तसंच हाय," अप्पा म्हणाले. "जरा थांब. पोरगी बघून राहिली."

"थांबतो की. पण व्यंकटी, चहा पाज," मलप्पा अप्पांना म्हणाला.

व्होल्ट मोजायच्या मीटरची एक तार मी मशीनच्या पत्र्याला लावली, दुसरी अंगणातल्या हापशाच्या लोखंडी पाइपाला. ७८ व्होल्ट. मेन बंद करून मॉनिटर सोडवला, पुन्हा चालू केलं: ७८. पॉवर सप्लाय सोडवला: ७७. चोक सोडवला: शून्य.

"सापडलं, अप्पा. नवा चोक टाकला की झालं."

अप्पांनी जुना चोक हातात घेतला. त्यातलं डांबर वितळून बाहेर आलं होतं, कधीचंच वाळलं होतं, आणि त्यावर धुळीचा जाड थर होता.

"हे कधी बिघडलं?"

"बरीच वर्षं झाली असतील."

"मग इतकी वर्षं कुणाला कसं लागलं न्हाई?"

मी चोकवरची धूळ बोटाने पुसली.

"कारण सांग, माय. कारण कळल्याबिगर मी पुन्हा लेकराला तिथं हात लावू देणार न्हाई. मशीन जाऊ दे."

मलप्पा दोरी घेऊन उठला.

गळणारी वीज इतकी वर्षं कुठेतरी जात असणार. मी अर्थिंगची हिरवी वायर धरून निघाले. ती सॉकेटमधून भिंतीत, भिंतीतून मागच्या अंगणात, न्हाणीशेजारी खाली उतरत होती. तिथे नवी शहाबादी फरशी होती.

"अप्पा, इथे अर्थिंगचा पाइप होता ना?"

"असंल. तिथं तुझ्या आईचा गवती चहा होता. तेराव्याच्या पंगतीला अंगण सपाट केलं. फरशी मीच टाकली."

"ती पाणी घालायची?"

"रोज. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. टँकरच्या वर्षी बी, हापसा आटला तवा. पंधरा दिवसाला पाणी, अन् ही गवताला ओतून राहिली म्हणून मी लई बोललो तिला." अप्पा फरशीकडे बघत होते. "म्हणली, मशीनला लागतं, वायरमननं सांगितलंय. मी हसलो. म्हणलं, मशीनला काय तहान लागती का?"

मी त्यांना सांगितलं. काळी माती वाळली की आकसते आणि पाइपापासून सुटते. मग वीज जमिनीत जात नाही, पत्र्यावर राहते. ओली असेल तर माती पाइपाला धरून राहते. दोष जुनाच होता, शॉक नवा होता.

अप्पा आत गेले. पहार घेऊन बाहेर आले. मलप्पाने दोरी खाली ठेवली आणि न सांगता फरशीचं दुसरं टोक उचललं. खाली गवती चहाचं पिवळं पडलेलं बुडखं होतं. त्यामधून गंजलेला पाइप वर आला होता. त्याच्याभोवती माझं बोट आत जाईल एवढी फट होती.

मेन बंद ठेवून जुना चोक मी मुद्दाम परत जोडला.

"कारण हेच असेल, तर आकडा पाचच्या खाली यायला हवा," मी म्हणाले.

अप्पांनी सकाळच्या तांदळाचं पाणी आणलं. ते अजून पातेल्यात तसंच होतं. आई गेल्यापासून अप्पा असं पाणी मोरीत ओतायचे. पातेलं त्यांनी हळूहळू रिकामं केलं. मग हापशाच्या तीन बादल्या. फटीतून बुडबुडे आले आणि थांबले. आम्ही मेन चालू केला. ४१ व्होल्ट.

"पुन्हा घालू?"

"माती फुगायला वेळ लागतो."

अप्पा पाइपाजवळ उकिडवे बसले आणि उठले नाहीत. दर दहा मिनिटांनी तांब्याभर पाणी घालत राहिले. मलप्पाने चहा दुसऱ्यांदा मागितला नाही. २३. १२. ६.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी शेवटची नोंद घेतली. जुना चोक जोडलेला, मशीन चालू, पत्रा ते हापसा: ०.८ व्होल्ट.