सहा केतक्या आणि एक गोळी

आमची नात केतकी एका वेळी सहा ठिकाणी असते. वय वर्षे आठ. एक डायनिंग टेबलाशी गृहपाठ करते, एक खिडकीच्या ग्रिलला लटकते, एक बाथरूममध्ये शाम्पूचे फुगे काढते, एक शेजारच्या बिडकर काकूंना भाजी कशी झालीय ते सांगायला गेलेली असते. एक पलंगाखाली असते. का, ते कुणी विचारलेलं नाही. सहावी फ्रिजवर बसते. फ्रिज जुना आणि दणकट आहे, पेलतो.

घरात याचं कुणाला नवल नव्हतं. सहा ताटल्या मांडायच्या, सहा वेण्या घालायच्या, संपलं. तक्रार शाळेची होती. हजेरीला केतकी सहा वेळा ‘प्रेझेंट मिस’ म्हणते आणि त्यातली दोन उत्तरं मैदानावरून येतात. बाईंनी सुनेला बोलावून सांगितलं, “आम्हाला एकच द्या. कुठलीही चालेल.”

मला कुठलीही चालणार नव्हती. मला फ्रिजवरची हवी होती, कारण माझ्या विनोदांना घरात ती एकटीच हसते. स्वतःच्याच घराची बेल वाजवणाऱ्या माणसाचा विनोद मी लग्न झाल्यापासून सांगतो आहे. त्याचं शेवटचं वाक्य मला पाठ नाही. ऐन वेळी ते खिडकीबाहेरून कुठूनतरी येतं. ते आलं की बाकीचे जेवत राहतात, आणि फ्रिजवरून असं काही हसू फुटतं की आतली अंडी एकमेकांवर आपटतात.

“औषध वगैरे काही नको,” आमचा मुलगा हृषीकेश म्हणाला. “मी पण लहानपणी असाच होतो. मला काय झालं?”

“तू अजून तसाच आहेस,” सून शर्वरी म्हणाली. “मागे बघ.”

आम्ही सगळ्यांनीच वळून पाहिलं. गॅलरीत हृषीकेश फोनवर बोलत उभा होता. त्याने आम्हाला हात केला.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर ब्राह्मी, भिजवलेले बदाम, सूर्यनमस्कार आणि दोन रट्टे असे उपाय आले. रट्टे बिडकर काकूंनी सुचवले होते. केतकीने त्यांच्या भोपळ्याला नावं ठेवली होती.

तेवढ्यात टेबलाशी बसणाऱ्या केतकीने पेन्सिल खाली ठेवली.

“अन्वीने वाढदिवसाला मला बोलावलेलं नाही,” ती म्हणाली. “एकीला बोलावलं की सहा येतात. रिटर्न गिफ्ट पुरत नाहीत.” मग म्हणाली, “आणि झोपायच्या आधी या सगळ्यांना गोळा करून आणते कोण? मीच. मी दमते, आजोबा.”

मी ग्रुप बंद केला. आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तांबवेकर सहाही जणींशी वेगवेगळे बोलले. पलंगाखालची तिथेही तपासायच्या टेबलाखाली गेली, तर डॉक्टर फरशीवर पालथे पडून तिच्याशी बोलले. उठताना त्यांनी गुडघे झटकले.

“तुम्ही दमला असाल तर तुम्ही सुट्टी घ्या, पोरीला गोळी नको,” ते म्हणाले. “पण इथे पोरगीच दमली आहे. देऊन बघू.”

“किती जणी उरतील?” मी विचारलं.

“एक.”

“कुठली?”

“ते आतल्या आत ठरतं.” त्यांनी गोळी लिहून दिली. “रोज एक, नाश्त्यानंतर. जी टेबलाशी बसते फक्त तिलाच. फक्त तिलाच हं, आजी.”

आजी म्हणजे माझी बायको मालती. डॉक्टरांनी माणूस बरोबर ओळखला होता, पण उपयोग झाला नाही. एका पोराला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं मालतीने जन्मात केलेलं नाही. चिक्की असो की एरंडेल, वाटणी समान. सकाळी तिने अडकित्ता घेतला आणि गोळीचे सात तुकडे केले.

“सातवा कुणाला?” मी विचारलं.

“तुम्हाला. पोरं मोठ्यांचं बघून घेतात. आ करा.”

तुकडा गुळाच्या खड्यात दाबलेला होता. मी तो घेऊन “वा!” म्हणालो. ते बघून पाच जणींनी आपापला गिळला. फ्रिजवरचीने गूळ चोखून खाल्ला आणि तुकडा फ्रिजच्या मागे टाकला. मी ते पाहिलं आणि चहा प्यायलो.

थोड्या वेळाने ग्रिलवरची उतरली, टेबलाशी आली आणि वाटीत वाटी बसावी तशी गृहपाठवालीत बसली. मग बाथरूममधली. मग बिडकर काकूंकडची, तोंडात भोपळ्याची फोड तशीच. पलंगाखालचीला यायला वेळ लागला, कारण ती येताना हरवलेल्या सगळ्या चपला घेऊन आली.

“कसं वाटतंय गं?” शर्वरीने विचारलं.

“कानात कुणी बोलत नाहीये,” केतकी म्हणाली. “बरं वाटतंय.” तिने गणितं सोडवली, बरोबर सोडवली आणि दप्तर भरून ठेवलं. शर्वरी स्वयंपाकघरात जाऊन रडली. ती आनंदाने रडत होती, म्हणून मी चौकशी केली नाही.

फोनवर डॉक्टर मालतीला म्हणाले, “आजी, ती गोळी आहे, बर्फी नव्हे.” त्यानंतर वाटणी बंद झाली. पण माझा तुकडा माझ्या पोटात होता.

पहिली बेल दुपारी वाजली. दारात मी होतो. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून आलो होतो, हातात मध्यंतरातला बटाटेवडा होता. मी आत आलो आणि माझ्यात बसलो. शर्टाचं एक बटण तुटलं. मग कृष्णेच्या घाटावरून एक आला, ओल्या टॉवेलसकट. ऑफिसात मी खुर्चीला डगला लावून जिथे जिथे गेलो होतो तिथून एकेक येऊ लागला. बेल वाजत राहिली आणि मी आतून दाटत गेलो. वळायचं तर सगळ्यांना सांगून वळावं लागे.

मालती मात्र खूश होती. “आता कसं, मी बोलते तर कुणीतरी ऐकतंय,” ती म्हणाली. तिचं पूर्ण वाक्य मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं. ते गॅस सिलेंडरबद्दल होतं.

अन्वीचा निरोप आला. केतकीला बोलावलं होतं, एकीला. नवा फ्रॉक घालून ती माझ्यापाशी आली.

“आजोबा, तो बेलवाल्याचा विनोद सांगा ना.”

मी सांगितला. “छान आहे,” ती म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं म्हणाली. फ्रिजवरून हसू फुटलं आणि अंडी आपटली. घरातले सगळे वर बघायला लागले.

“एक राहिलीच की!” शर्वरी म्हणाली. “बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

मी होतो तितके सगळे दुसरीकडे बघू लागलो.

“तिला बोलवा ना,” खालची केतकी मला हळूच म्हणाली. “मला बरं वाटतं, खरंच. पण हसायचं कसं ते माझ्याकडे नाहीये. तिथे सगळ्या हसतील तेव्हा मी काय करू?”

फ्रिजवरची गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. “आणि मी आत गेले नि हसू आलंच नाही तर?” तिने विचारलं.

“डॉक्टर काय म्हणाले होते?” हृषीकेश म्हणाला.

“आतल्या आत ठरतं,” मी म्हणालो.

तिने विचार केला. “मी येते. पण आजोबा, लगेच तोच विनोद सांगायचा. हसले तर समजा, मी आहे.”

मी हात पुढे केला. ती माझ्या खांद्यावर पाय देऊन उतरली, खालच्या केतकीसमोर उभी राहिली आणि आत बसली. वाटीला वाटी लागल्यासारखा आवाज झाला. फ्रॉक कुठे उसवला नाही. केतकी खुर्चीत नीट बसली आणि माझ्याकडे बघू लागली. सगळेच बघू लागले.

“एक माणूस असतो,” मी म्हणालो. “तो स्वतःच्याच घराची बेल वाजवतो. बायको आतून विचारते, कोण? हा म्हणतो, मी. बायको म्हणते, ते तर घरातच आहेत. तर हा म्हणतो...”

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणीच नव्हतं. बहुतेक सगळे मी घरी आलेलो होतो.

“काय म्हणतो?” शर्वरीने विचारलं.

बेल वाजली.

मला दाटीत उठता येईना. केतकी उठली. दारापाशी जाऊन तिने चवड्यांवर उभं राहून दारातल्या भिंगाला डोळा लावला. बाहेरून कुणीतरी माझ्याच आवाजात तिला हळूच काहीतरी सांगितलं. आमच्याकडे पाठ करून ती तशीच उभी राहिली, आणि तिचे खांदे हलू लागले.